पेटीतल्या दोन चिठ्ठ्या

पेटीत दोन चिठ्ठ्या होत्या. एक आलेख वहीच्या चौकटीदार कागदाची, तिरक्या अक्षरातली, ती आकांक्षाची. दुसरी रेघी कागदाची, गोल अक्षरातली, ती शीतलची. दोघींनी रविवारच्या उपासनेत सगळ्यांसमोर आपापलं नाव लिहिलं, चार घड्या घातल्या आणि चिठ्ठी आत टाकली. पाळक देवानंद यांनी कुलूप लावून चावी कारभारींकडे दिली. कारभारी चर्चची देखभाल करत. आकांक्षा त्यांच्या बहिणीची मुलगी.

नर्सिंग कॉलेजने तीर्थपुरीजवळच्या या मंडळीकडून एकाच मुलीचं नाव मागवलं होतं. शिक्षण आणि वसतिगृह मोफत. बारावीला दोघींना सारखेच गुण होते. जिचं नाव निघणार नाही तिचं शिक्षण तिथंच थांबणार, हे दोन्ही घरांत ठरलेलं होतं.

"आठवडाभर दोघींनी एकच प्रार्थना करायची," पाळक म्हणाले होते. "माझी नको, प्रभू, तुझी इच्छा होवो. पुढच्या रविवारी मी डोळे मिटून एक चिठ्ठी काढीन."

गुरुवारी दुपारी कारभारी चर्चचं अंगण झाडत असताना आकांक्षा आली.

"मामा, पेटीची चावी द्या. प्रार्थना करायचीय."

"प्रार्थनेला चावी लागती का? देव काय पेटीत बसलाय?"

तिच्या काखेत आलेख वही होती. कारभारींनी वहीकडे पाहिलं, मग चावी काढली.

"जल्दी कर. मी काही पाह्यलं न्हाई."

आतून वहीचं पान फाटल्याचा आवाज आला. कारभारींनी झाडू हातात घेतला आणि अंगण पुन्हा झाडलं.

शुक्रवारी शीतल आली. तिच्याकडेही वही होती.

"काका, चावी द्या. पाच मिनिटं बस."

"पाळकसाहेबांना विचार."

"काल आकांक्षानं विचारलं व्हतं का?"

कारभारींनी चावी काढून तिच्या हातात दिली. शीतल तीन मिनिटांत बाहेर आली. तिचे डोळे लाल होते.

शनिवारी कारभारी स्वतः प्रार्थनेला बसले. 'तुझी इच्छा' हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत.

रविवारी चर्चमध्ये बत्तीस माणसं होती. पाळकांनी डोळे मिटून पेटीत हात घातला. चौकटीदार कागद वर आला. कारभारींनी श्वास सोडला.

पाळकांनी चिठ्ठी उलगडली. ते तिरकं अक्षर त्यांनी दोनदा पाहिलं.

"शीतल," त्यांनी वाचलं.

कारभारी उभे राहिले.

"साहेब, हे बराबर न्हाई. कागद आकांक्षाचा हाये. शुक्रवारी शीतलनं माझ्याकडून चावी नेल्ती. तिनं चिठ्ठी बदलली."

"मामा, बसा," आकांक्षा म्हणाली.

"का बसू?"

"मंग गुरुवारचंही सांगा."

कारभारींची मान खाली गेली. शीतल वळून आकांक्षाकडे पाहत राहिली.

"दुसरी उघडा, साहेब," कारभारी हळू आवाजात म्हणाले. "तिच्यावर बी शीतलच असंल."

पाळकांनी रेघी कागदाच्या चारही घड्या उलगडल्या आणि तो सगळ्यांना दिसेल असा धरला. त्यावर गोल अक्षरात एकच नाव होतं: आकांक्षा.