बिनघासाची गोधडी

गोकुळानं सिमेंटच्या पोत्यातून गोधडी काढली, सुकरीबाईच्या ओसरीवर आपटली आणि मग भांडायचं सोडून आधी खांबाला टेकून बसली. भांडायला आलेल्या माणसानं आल्या आल्या असं बसू नये, हे तिला कळत होतं. पण पाय ऐकत नव्हते.

"काई कामाची नाई तुमची गोधडी," धाप ओसरल्यावर ती म्हणाली.

सुकरीबाई विळीवर मासोळ्या साफ करत होती. तलावाच्या पाळीवर तिचं घर शेवटचं. नवरा जाळं टाकायचा, ती गोधड्या शिवायची, आणि दोन्ही कामांना दोरा एकच होता, जाळ्याचा. म्हणून तिची शिलाई कधी उसवत नसे. कुरखेड्यापासून बाया जुनी लुगडी घेऊन तिच्याकडे यायच्या. कोणाला लेकीच्या बाळंतपणासाठी हवी असायची, कोणाला रुखवतात मांडायला. काही बाया मात्र भर दुपारी, पाळीवर चिटपाखरू नसताना यायच्या. गोकुळा दुपारचीच आली होती.

"काऊन, उसवली?"

"उसवली नाई."

"रंग गेला?"

"रंगाचं मले काय करा लागते?"

"मंग थंडी वाजते काय शकुबाईले?"

"थंडी कायची? अंगावर घेतली का लगेच घोरते थे बुडी."

सुकरीबाईनं विळी बाजूला सारली आणि हात धुतले. गिऱ्हाइकाची तक्रार ती दवाखान्यातल्या बाईसारखी हात धुऊनच ऐकायची.

शकुबाई ही गोकुळाची सासू. लग्नाच्या वेळी नवऱ्यानं, उमाजीनं, गोकुळाला शब्द दिला होता, आईचं वय झालं, आता घर तुझंच. उमाजी शब्दाचा पक्का होता. फक्त आईला तो शब्द सांगायचा राहून गेला होता. आता गोकुळाचेही केस पिकायला लागले होते, आणि धानाच्या कोठीची किल्ली अजून म्हातारीच्याच कमरेला होती. भाजीत तेल किती घालायचं तेसुद्धा म्हातारी बाजेवरून सांगायची.

सुकरीबाईनं गोधडी पसरली आणि एकेक कोपरा चाचपून पाहिला. गोधडी शिवून झाली की चारही कोपऱ्यांना कापडाची तिकोनी घडी लावतात. तिला घास म्हणतात. आत तांदळाचे दाणे घालतात, गोधडीचं पोट भरलेलं असावं म्हणून. उपाशी गोधडी अंगावर घेऊ नये, असं सगळ्या आयाबाया सांगतात. का घेऊ नये ते कोणी सांगत नाही.

या गोधडीचे चारही कोपरे सपाट होते.

"तू सांगतलं तशीच शिवली," सुकरीबाई म्हणाली. "चारी कोपरे उपाशी. माह्या कामात खोट नाई."

"मंग बुडी खंगून काऊन नाई राह्यली?"

सुकरीबाईनं पाळीवर नजर टाकली. "हळू बोल."

गोकुळा हळू बोलली. "खंगाचं सोडा, अंगावर मास चढलं तिच्या. मंडईच्या जत्रेतलं नाटक रातभर पाह्यलं आन सकाळी यून माह्यावर ओरडली, चहा काऊन नाई झाला म्हनून. परवा बाजारात पायी गेली. वाटेत पट्टेवाला वाघ आडवा आला, तं म्हने म्या त्याले हाड केलं. गेला म्हने."

"जाईन नाई तं काय."

"तिचा गुडघा बरा झाला, बाई," गोकुळा म्हणाली, आणि तिला रडू आलं.

सुकरीबाईनं तिला नीट न्याहाळलं. "आन तुले काय झालं? चिपाड झाली पोरी तू."

"झोप कुठी हाये मले? रोज पहाटे उठाचं, तिच्या नाकापुढं हात धराचा. रोज श्वास. मंग दिवसभर घास उतरत नाई." पदरानं डोळे पुसायला तिनं हात वर केला तशा बांगड्या कोपरापर्यंत घरंगळल्या. तिनं हात खाली घेतला, आणि त्यातली एक मनगटावरून निसटून ओसरीवर पडली.

"असं आजवर झालं नाई," सुकरीबाई म्हणाली. तिला कामाची लाज होती. "एटापल्लीच्या एका बाईचा सासरा असा भरभर गेला, का पाव्हन्यांले जेवू घालता घालता तिचे तांदूळ सरले. थेवढीच बोलनी बसली मले. गोधडी शकुबाईच घेते ना? का उमाजी वढून घेते?"

"थेच घेते. मी तं हातबी नाई लावत गोधडीले. आज पोत्यात काडीनं ढकलून आनली."

"मंग लागू होयाले पाहिजे. आन एकदा खाऊ लागली का माही गोधडी मानूस अर्ध्यात सोडत नाई. मंग घास लावा, जाळा, तलावात टाका." हे ती एखाद्या दुकानदारानं हमी द्यावी तसं म्हणाली.

"मंग चुकलं कुठी?"

सुकरीबाईनं विळी ओढली, एका कडेची शिलाई कापली आणि आतल्या कापडाचं टोक बाहेर काढलं. चिमटीत धरून वास घेतला. मग कपाळाला आठी पडली.

"गोधडी पांघरनाऱ्याले नाई खात," ती म्हणाली. "वर कोन झोपलं, थे तिले काय मालूम? ज्याचं लुगडं तिच्या पोटात, त्याले थे खाते. म्हनून तं म्या बजावलं होतं, लुगडे बुडीचेच आन. बुडीचेच आनले ना?"

गोकुळा गोधडीपासून मागे सरकली. सासूची लुगडी नव्यासारखी होती, म्हातारी गेल्यावर नेसायला कामी येतील म्हणून ती तिनं पेटीतच राहू दिली होती, आणि गोधडीसाठी स्वतःची जुनी आणून दिली होती.