चुकलेली हाक

“गोदू, इकडून ये, उजवीकडून.”

ऋताने मोबाइल थांबवला. रेकॉर्डिंग पुन्हा वाया गेलं होतं. हिंदी मुलखात वाढलेली ती म्हणाली, “आई, गोदू नहीं, मीरा. फिर से बोलो ना.”

वनमालाबाईंनी पाण्याचा घोट घेतला. आता तोही दुखत दुखत खाली उतरायचा. बसलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, “मीरा कोण हाये वं? मायी जीभ तं तुयाकडंच वळून राहिली.”

मीरा म्हणजे ऋताच्या गेममधली पोरगी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता, आणि गेम ऋताने घरी बसून एकटीने रचला होता. मीरा शहरातल्या गोल बाजारात हरवते. भांड्यांची गल्ली, कापडाची गल्ली, सगळीकडे गर्दी. ती बरोबर वळली की आईची हाक जवळून येते, चुकली की लांबून. हाकेच्या मागोमाग घर गाठायचं. गल्ल्या झाल्या होत्या, दुकानं झाली होती. राहिला होता फक्त आवाज, आणि त्याला चारच दिवस होते. मंगळवारी वनमालाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

ऋता हुशार. रडत बसणाऱ्यांतली नव्हे. एका दगडात दोन पक्षी मारायचं तिने ठरवलं. प्रोजेक्ट पुरा होईल आणि आईचा आवाजही जन्मभर जवळ राहील.

बाबा तिला ऋता म्हणत, पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं ऋता दीदी. गोदू म्हणणारी जगात एकटी आई. तिने आपल्या आईचं नाव लेकीला घरच्या घरी लावलं होतं. चारचौघांत ते ऐकलं की ऋताला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता तर परीक्षक गेम खेळणार होते, तिथे गोदू कशाला? चार दिवस आई चुकत राहिली आणि लेक तिला सुधारत राहिली. मोबाइलमध्ये जागा कमी, म्हणून चुकलेलं ती तिथल्या तिथे उडवून टाकायची. सोमवारी चाळीस वाक्यं चोख झाली. शेवटचं तर आईने पहिल्या झटक्यात म्हटलं, “मीरा, आली का घरी?” ऋताने तिला मिठी मारली.

ऑपरेशन नीट पार पडलं. नवव्या दिवशी ऋता लॅपटॉप घेऊन दवाखान्यात गेली. वनमालाबाईंच्या गळ्याला भोक होतं, त्यात नळी. ऋताने गेम लावला. मीरा गल्ल्यागल्ल्यांतून धावत होती, आईचा आवाज तिला बोलावत होता. वनमालाबाई डोळे मिटून स्वतःलाच ऐकत होत्या. मीरा घरी पोचली. त्यांनी डोळे उघडले, लेकीकडे पाहिलं आणि ओठ हलवले. दोनच अक्षरं. नळीतून नुसती हवा आली.

ऋताला ती अक्षरं कळली. तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि एखादी चूक उडवायची राहिली असेल म्हणून एकेक वाक्य लावून ऐकू लागली, पहिल्यापासून चाळिसाव्यापर्यंत.

आई एकदाही चुकली नव्हती.