दुसरं पिंप

लग्नाचं पिंप आणायला सांगितलं होतं, ओझेलने दोन आणली.

भट्टीवाल्या रस्कांच्या घरात मूल जन्मलं की त्याच दिवशी व्हिस्कीचं एक पिंप भरायचं, बापाने स्वतःच्या हाताने झाकणावर नाव आणि तारीख डागायची, आणि त्या मुलाच्या लग्नात ते उघडायचं, ही चार पिढ्यांची रीत. कोठाराचा म्हातारा मुकादम ओझेल म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. कोठारात घरच्या पिंपांच्या फळीवर दोन दिसली, दोन्ही गडगडवत अंगणात आणली.

"हे कुणाचं?" नवरदेव प्रेन्टिसने वाकून वाचलं. "वर्लीन... माझ्याआधी सहा महिने. डॅडी, वर्लीन कोण?"

कोण म्हणजे काय! ती तिथेच उभी होती, हातात तबक घेऊन. बाटल्यांना लेबलं लावणारी पोर, आज वाढायला बोलावलेली. चेहऱ्यावर रस्कांचं नाक. अख्ख्या गावाला ठाऊक होतं, एक प्रेन्टिस सोडून. तिची आई मरेपर्यंत बोलली नाही, पण घरात आरसा होताच की! आपल्या नावाचं पिंप आहे हे मात्र तिला आजच कळत होतं. तिने तबक खाली ठेवलं आणि थोरल्या रस्कांकडे पाहिलं. एक शब्द हवा होता तिला, बाकी काही नाही.

रस्कांच्या शेजारी त्यांची बायको बसली होती.

"काहीतरी घोळ झालाय," ते म्हणाले. "पाणी आहे त्यात. गळतं का बघायला भरलं असेल. ओतून टाक रे."

"मालक, पाणी नाही हो ते."

"ओत म्हटलं ना!"

ओझेलने बूच उपटलं. तांबूस धार गवतावर पडली आणि अंगणभर वास सुटला. सव्वीस वर्षं मुरलेला माल तो, केंटकीत शेंबड्या पोरालाही ओळखू येईल. लाजेने आम्हा गावकऱ्यांच्या माना वर होईनात.

प्रेन्टिसने पेला धारेखाली धरला, भरला आणि तिच्यापुढे केला. "घे ताई. तुझंच आहे."

तिने हात पुढे केला नाही. "आधी त्यांना द्या," ती म्हणाली. "पाणी आहे म्हणतात, तर तहान तरी भागेल."

रस्कांनी पेला घेतला. तोंडाला लावताना अर्धी शर्टावर सांडली. उरलेली ते प्यायले. डोळे भरून आले त्यांचे. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ओठ हलले, आम्हाला वाटलं, आता बोलतात.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"पाणीच आहे," ते म्हणाले, आणि आमच्याकडे वळले.

त्यांच्या कोठारांवर आमच्या साऱ्यांच्या चुली पेटतात.

"पाणीच," पाद्रीबाबा आधी म्हणाले. मग आम्ही सगळेच म्हणालो.