डबा

तिसरा फटका घोड्याच्या नाकावर बसला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला. दोरीने नोलीनच्या तळहाताची साल काढली, पण तिने दोरी सोडली नाही. काळ्या पाइपचा हातभर तुकडा तिने पुन्हा उगारला.

“चढ,” ती म्हणाली. “चढ आत.”

समोर गाडीमागे जोडायचा, घोडा न्यायचा डबा उघडा पडला होता. त्याचे पत्रे आतून बाहेर फुगले होते. दोन्ही भिंतींवर नालांचे ओरखडे होते. पुढच्या कोपऱ्यात एक डाग होता. तो पाण्याच्या फवाऱ्याने तीनदा धुऊनही गेला नव्हता.

नऊ दिवसांपूर्वी तिचा नवरा गार्थ तिथे मेला. टॅमवर्थ गावाला जाताना मूनबीच्या घाटात घोडा आत थैमान घालू लागला. गार्थने गाडी कडेला घेतली आणि पुढच्या लहान दारातून तो आत शिरला. घोड्याचा पाय छातीसमोरच्या आडव्या दांडीवर अडकला होता. गार्थ तो सोडवायला वाकला, तेवढ्यात घोड्याने सगळं अंग त्याच्यावर टाकलं. एका ट्रकवाल्याला गार्थ भिंतीशी उभ्या उभ्या चिरडलेला सापडला. छातीचं एक हाड धड राहिलं नव्हतं. नोलीनने न विचारताच डॉक्टरांनी तिला हे सांगितलं.

कुंपणाशी बर्ट हॅनिगन उभा होता. आसपासच्या साठ मैलांतली म्हातारी, लंगडी, कुणाला नको झालेली जनावरं तो नेई. नेई म्हणजे मारायला नेई. मांस कुत्र्यांच्या खाण्यात जाई. तो आपला रुंद ट्रक घेऊन आला होता. पण नोलीनने त्याला फाटकातच अडवलं होतं.

“ज्या डब्यात त्याने गार्थला मारलं, त्याच डब्यातून तो मरायला जाईल,” ती म्हणाली होती. “तू फक्त तो ओढून ने.”

घोड्याने मान हिसडली. नोलीन डब्यात चढायच्या उतरत्या फळीवर तोंडघशी आपटली. ओठ फाटला. ती उठली, रक्त थुंकली आणि तिने पाइप घोड्याच्या डोळ्यावर हाणला. घोडा किंचाळला. उलट फिरून त्याने मारलेली लाथ डब्याच्या दारावर बसली. बिजागरी तुटून दार एका बाजूला लोंबू लागलं. ती लाथ नोलीनच्या डोक्यापासून वीतभर लांबून गेली होती.

पुढचा फटका पडलाच नाही. बर्टने पाइप वरच्या वर धरला होता.

“पोरी, जनावरं मारणं माझा धंदा आहे,” तो म्हणाला. “एका गोळीत मारतो. असं नाही मारत.”

“खुनी आहे तो.”

“असेल. दोरी दे इकडे.”

तिने दिली. बर्टने घोड्याला कुरणात एक चक्कर मारून आणलं. मग तो ट्रकच्या फळीशी नुसता उभा राहिला. घोड्याने फळी हुंगली, एक खूर टेकवला, काढला, पुन्हा टेकवला आणि बर्टच्या मागोमाग तो वर चढून गेला. आत गवताची पेंढी होती. सुजलेल्या डोळ्याने नोलीनकडे पाहत तो खायला लागला.

बर्ट मात्र लगेच खाली उतरला नाही. त्याने घोड्याच्या एका पुठ्ठ्यावरून हात फिरवला, मग दुसऱ्यावरून. दोन्हीकडे एकाच उंचीवर केस गेलेले होते. खाली जुन्या जखमांचं कातडं जाड झालं होतं.

मग फळी वर लावून तो चालकाच्या जागी जाऊन बसला आणि त्याने ट्रक कुरणात घातला. सरळ नेला नाही. डावीकडे कचकन वळवला, उजवीकडे वळवला, उतारावर जोरात पिटाळला, पुन्हा वळवला. नोलीन दात आवळून उभी होती. आता आदळेल, आता पत्रे फुटतील, अशी ती वाट पाहत राहिली. इंजिनाखेरीज काहीच ऐकू आलं नाही. ट्रक परत आला तेव्हा घोड्याच्या तोंडात गवत होतं. मागचे पाय त्याने ऐसपैस फाकवलेले होते.

बर्ट उतरून डब्यात गेला. दोन्ही हात पसरले. कोपरं सरळ व्हायच्या आतच त्याचे तळवे दोन्ही भिंतींना टेकले.

“घोडा वळणावर असाच तोल धरतो, पाय फाकवून,” तो म्हणाला. “ह्याच्यात पाय टाकायला जागाच नाही. मग पुठ्ठे घासत तो भिंतींवर चढतो. बुडणारा माणूस हातपाय मारतो ना, तसा. हा डबा तट्टाचा आहे, नोलीन. ह्या आडदांडाला दोन घोड्यांचा लागतो, मधली आडभिंत काढलेला. गार्थला कळत होतं की हे. त्याचा जन्म गेला घोड्यांत. त्याने हा घेतलाच कसा?”

नोलीन फुगलेल्या पत्र्यांकडे बघत राहिली. ओठातलं रक्त हनुवटीवर आलं होतं, ते तिने पुसलं नाही. मग ती खाली बसली, मातीतच.

बर्ट डब्यातून खाली उतरला.

“मग?” त्याने विचारलं. “नेऊ ह्याला?”

“घोडा उतरव,” ती म्हणाली. “डबा घेऊन जा.”

“डब्याचं मी काय करू?”

“काहीही कर. मोड. जाळ.” ती डब्याकडे पाठ करून बसली. “गार्थ मोठाच घेऊ म्हणत होता. एकाच घोड्याला एवढा कशाला, असं मी म्हणाले.”