चौथा शाप

"हात पुढे कर," फिलाग्रोस म्हणाला.

लिसिसने हात पुढे केले. नखांत माती होती, मनगटापर्यंत माती होती. बैल जुंपून तयार होते आणि अर्धं अथेन्स बांधावर उभं राहून बापलेकांकडे बघत होतं.

"प्रेताला शिवलास?"

"शि... शिवलो नाही, बाबा. माती टाकली नुसती. कु... कुत्री येऊन बसली होती तिथे."

"विटाळ तो विटाळच! आज तरी घराण्याची लाज राखायची होतीस. हो बाजूला. बांधावर जाऊन उभा राहा."

फिलाग्रोस दुष्ट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पेरणीआधी गडाखालच्या देवीच्या शेतात पहिलं तास, म्हणजे नांगराची पहिली ओळ, घालायचं आणि नांगर चालता चालता चार शाप म्हणायचे, हा मान त्याच्या घराण्याचा. आजोबांनी ते म्हटले, वडिलांनी म्हटले, आता तो म्हणत होता. आजवर त्याचा एक शब्द चुकला नव्हता. शाप अर्धवट राहिले किंवा तास संपायच्या आत औत थांबलं, की त्या वर्षी शेतं पिकत नाहीत, हे शहरातलं शेंबडं पोरही जाणतं. एवढं ओझं खांद्यावर असलं की माणूस थोडा ताठ होतोच.

आणि अशा माणसाचा एकुलता मुलगा तोतरा निघाला. चारही शाप त्याला तोंडपाठ, पण जीभ अडायची. स्ट्राटोनकाका दर जेवणाला तोच विनोद करायचे, "अरे, म्हणू दे की लिसिसला! त्याचा शाप संपेपर्यंत पापी माणूस घरी जाऊन पाप निस्तरून येईल!" सगळे हसायचे. लिसिसही हसायचा. फिलाग्रोस मात्र जेवण टाकून उठायचा. यंदा कुठे त्याने मन मोठं करून पोराला नांगरामागे बी टाकायला बरोबर घेतलं होतं, तर त्याने वाटेत हा घोळ करून ठेवला.

सकाळी दोघं घरून निघाले तेव्हा शेताच्या वळणावर, अंजिराखाली, तो म्हातारा पडलेला दिसला होता. कुणी परका असावा. अंगावर फाटकं कांबळं, डोळे उघडे. फिलाग्रोस नुकताच नदीवर न्हाऊन पांढरे कपडे ल्यालेला. त्याने मान फिरवली आणि पाय उचलला. देवीच्या कामाला निघालेल्याने प्रेताकडे बघायचं नसतं. नियम आहे, आणि नियम मोडणाऱ्यांतला तो नव्हता. लिसिस तेवढा मागे रेंगाळला.

औत सुरू झालं.

"जो तहानलेल्याला पाणी नाकारील, त्याचं घर बुडो!"

आवाज पार गडापर्यंत पोहोचला. बांधावरच्या बायकांनी समाधानाने माना डोलावल्या.

"जो शेजाऱ्याला विस्तव नाकारील, त्याचं घर बुडो! जो वाट चुकलेल्याला वाट दाखवणार नाही, त्याचं घर बुडो!"

चौथ्या शापासाठी त्याने श्वास भरून घेतला. समोर, तासाच्या टोकापलीकडे, अंजिराचं झाड होतं. झाडाखाली ते कांबळं होतं. शब्द ओठांवर आलेच होते. जो उघड्यावर पडलेलं प्रेत मातीवाचून सोडून जाईल. इतकी वर्षं त्याने हे शब्द लोकांना ऐकवले होते. ते त्याला स्वतःला आज पहिल्यांदा ऐकू आले.

म्हणावं, तर शाप आपल्याच घराला लागणार. न म्हणावं, तर साऱ्या शहराच्या शेतांना. बैलांना यातलं काय कळतंय, ते आपले चालतच होते. फिलाग्रोसचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. बिचारा घामाने निथळत होता.

"अगं बाई, ह्यांना काय झालं?" बांधावर कुजबुज सुरू झाली.

"लिसिस!" तो ओरडला. "ये इकडे. रुमणं धर."

लिसिस धावत आला आणि औताबरोबर चालू लागला. "बाबा, मा... माझे हात... विटाळ..."

"तुझेच हात हवेत. धर, आणि तू म्हण." मग अगदी खालच्या आवाजात, "पोरा, मी त्याला तसाच टाकून आलो रे."

लिसिसने नांगराचं रुमणं मुठीत धरलं. बापाकडे पाहिलं, अंजिराकडे पाहिलं, नांगरायच्या राहिलेल्या जमिनीकडे पाहिलं. बैलांना चुचकारून त्याने त्यांची चाल आणखी मंद केली.

"जो... जो उ... उ... उघड्यावर..."

बांधावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. स्ट्राटोनकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात लोकांनी पाहिलं, की फिलाग्रोस पळत सुटला आहे. पांढरा झगा वर खोचून, काट्याकुट्यांतून, ठेचकाळत, पुन्हा सावरत.

"प... प... पडलेलं प्रे... प्रे..."

इतका तो जन्मात कधी अडखळला नव्हता. एकेका अक्षरावर बैलांची चार चार पावलं पडत होती. तासाचं टोक जवळ आलं. लोकांना ऐकवेना. एका बाईने तर शरमेने पदरात तोंड लपवलं.

अंजिराखाली फिलाग्रोस गुडघ्यांवर बसला. त्याने ओंजळभर माती उचलली आणि त्या परक्या म्हाताऱ्यावर हलकेच पसरली.

लिसिसने ते पाहिलं. मग उरलेला सगळा शाप त्याने एका दमात, खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता म्हणून टाकला.