या जेवायला

खटला अजून उभाच राहिला नव्हता, तरी नुरुद्दीन खलाशाला बंदरावरच्या कोठडीत पावसाळ्यापासून एकटं ठेवलं होतं. त्याच्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही, असा साहेबांचा हुकूम. पहाऱ्यावरचा धर्माजी घरी बायकोला सांगायचा, "आता स्वराज्य हाय. आमी त्याला बोट पन लावलं न्हाय."

दुपारी ताटली आत सरकवली की नुरुद्दीन दाराकडे बघून म्हणायचा, "या मामा, जेवायला." समोर माणूस असताना विचारल्याशिवाय घास कसा घ्यायचा? "होऊ द्या सावकाश," एवढंच तर म्हणायचं असतं. धर्माजी शरमेनं मान खाली घालून गप्प उभा राहायचा.

दिवाळीनंतर नुरुद्दीन भिंतीकडे बघून विचारू लागला. विचारून झालं की कान देऊन थांबायचा, मान डोलवायचा, मगच जेवायचा.

एका दुपारी धर्माजीला राहवलं नाही. हुकूम गेला खड्ड्यात.

"या मामा, जेवायला," नुरुद्दीन भिंतीला म्हणाला. धर्माजीनं गजांपाशी येऊन उत्तर द्यायला तोंड उघडलं.

आवाज फुटेना.

"होऊ द्या सावकाश," भिंतीकडून कुणीतरी म्हणालं. आवाज धर्माजीचाच होता.

दाराकडे ढुंकूनही न बघता नुरुद्दीननं जरा सरकून भिंतीकडच्या मामाला जागा करून दिली.