आतून कडी

"खोलीला लागून संडास? पलीकडे देवघर आहे!" असं म्हणून नवऱ्याने कुमुदला जन्मभर उडवून लावलं. पावसापाण्यात टॉर्च घेऊन ती परसातल्या संडासात जात राहिली.

यंदा त्याचे स्वतःचे गुडघे धरले आणि पंधरवड्यात देवघर स्वयंपाकघरात हललं. त्या जागी फरशी बसली, कमोड आला. "बघ, केवढी सोय केली तुझी!" तो म्हणाला. कुमुदच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिल्याच पहाटे तिने आत शिरून कडी लावली आणि नळ धो धो सोडला. थोड्याच वेळात दारावर काठी आपटली.

"अगं, आटप! मला थांबवत नाही."

"मग परसात जा!" ती आतून कडाडली. "टॉर्च खुंटीला आहे. आणि पायरीवर जपा, शेवाळ आहे. तिथेच पडले होते मी, सातव्या महिन्यात."